निळी ज्योत

तोजिबोय आचारी थंड खोलीचं दार उघडून आत गेला आणि गेल्या पावली बाहेर आला. बाही नाकाला लावलेली. अंगणात मांडी घालून गाजरं चिरत बसलेल्या पुरुषांच्या सुऱ्या एकेक करत थांबल्या.

"सोबितजान," तोजिबोय म्हणाला, "हे दुंबे मेंढे तू काल कापलेस की गेल्या ईदला?"

दोघं-तिघं हसले. सोबित हसला नाही. हातातली गाजरांची टोपली तिथेच टाकून तो आत धावला, आणि आतून फाटकन आवाज आला. त्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला होता.

द्राक्षांच्या मांडवाखाली मातीच्या ओट्यावर उस्ता मामासोली मोहल्ल्याचे अक्सकाल, म्हणजे मुख्य, गफ्फोर हाजी यांच्याशी चहा पीत बसला होता. सोबित त्याचा थोरला. सोबितच्या मुलीचं, लोलाचं, लग्न. पहाटेच्या नमाजानंतर सगळा मोहल्ला इथे पुलावाला बसणार होता, आणि ताटं वाढल्यावर हात उचलून पोरीसाठी दुवा मागायचा मान घरातला वडीलधारा म्हणून मामासोलीचा होता. ती दुवा तो गेले चार दिवस मनातल्या मनात घोळवत होता. त्यामुळे वास त्याच्यापर्यंत सगळ्यांच्या नंतर पोहोचला.

सोबित बाहेर आला तो घामाने निथळत. त्याचं खाटकाचं दुकान अंगणाच्या भिंतीला लागून, आणि थंड खोली दुकानाच्या मागे. लग्नघर म्हणून दुकान बंद होतं, त्यामुळे कालपासून दार कुणी उघडलंच नव्हतं. बाहेर सरतानचं, भर उन्हाळ्याचं ऊन, तंदूरमध्ये बसल्यासारखं.

"यंत्र घरघर करतंय आणि आत हमाम झालाय," तो ओरडला. "वायू गेलाय सगळा. नोझिम! नोझिम कुठं मेला?"

धाकटा नोझिम चुलाणाला सरपण लावत होता. लाकूड हातात तसंच धरून तो उठला. दोघा भावांची नजरानजर झाली. मामासोलीने ती पाहिली, पण तिचा अर्थ त्याला लागला नाही.

"काल बघितलंस का नाहीस तू?"

"मी काय बघायचं होतं, आका?" नोझिम म्हणाला. आवाज खाली, पण धार लावलेली. "आदांनी बघितलं होतं की. मी कोण? मी दिवा धरणारा. परवा तुम्हीच म्हणालात ना, तुमच्या व्याह्यांसमोर?"

सोबितने ओठ चावला. सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं. मुलीचं लग्न, खाटकाचं घर, आणि मांस नासलेलं. अशा वेळी माणूस हाताला लागेल ते पकडतो. सोबितच्या हाताला बाप लागला.

"आदा," तो मोठ्याने म्हणाला, "काल सकाळी तुम्ही दिवा फिरवलात. सगळे सांधे बघितलेत. घट्ट आहे म्हणालात. मी तुमच्या शब्दावर राहिलो."

मामासोलीने पियाला खाली ठेवला.

"आका!" स्वयंपाकघराच्या दारातून मुहय्या, त्यांची मधली बहीण, पुढे आली. "बापाला चारचौघांत असं बोलतात?"

"मग काय बोलू? दुंबे बोलतायत ते ऐकू येत नाही का तुला?"

"राहू दे, राहू दे," गफ्फोर हाजींनी दाढीवरून हात फिरवला. "वय होतं, सोबित. माझंही झालं. डोळा चुकतो माणसाचा."

माणसाला शिवी पचते, कीव पचत नाही. मामासोलीचे कान तापले.

"माझा डोळा चुकेल, हाजी," तो म्हणाला. "ज्योत चुकत नाही. नोझिम, दिवा आण."

"आत्ता कशाला, आदा? आधी मांसाचं बघू."

"मांस बघायला तुझा भाऊ आहे. खाटीक आहे तो. तू दिवा आण."

नोझिम जागचा हलला नाही. त्याची आई रिसोलत तोंडाला पदर लावून उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो सोबितचे आदा, पाहुणे आहेत घरात. उद्या बघा की."

"उद्या मला या लोकांसमोर हात उचलायचेत," मामासोली म्हणाला. "आज खोटा ठरलो तर उद्या कुठल्या तोंडाने उचलू?"

दिवा आणायला तो स्वतःच गेला.

कोकंदच्या या गल्लीत त्यांच्या घराला अजून बर्फवाल्यांचं घर म्हणत. मामासोलीचा आजा हिवाळ्यात नदीवरचा बर्फ कापून भुशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यापर्यंत जपायचा. बाप बर्फाच्या कारखान्यात अमोनियाच्या यंत्रावर होता. गंधकाची वात पेटवून तो नळांवरून फिरवायचा. गळती असेल तिथे वातीतून पांढरा धूर उठे. मामासोलीच्या काळात फ्रिज आले, फ्रिऑन वायू आला, आणि वातीच्या जागी हा दिवा. पितळेचा, वीतभर उंच, खाली स्पिरिटची कुपी, वर धुराड्यात तांब्याची कडी, आणि बाजूला सोंडेसारखी रबरी नळी. नळी सांध्यापाशी नेली आणि तिथून वायू गळत असला की निळी ज्योत हिरवी होई. घरात कुणी खोटं बोललं की रिसोलत म्हणायची, "बघ, हिरवी झाली." मुलं लहान असताना खरोखर स्वतःच्या नाकासमोर हात धरून बघायची.

थंड खोलीच्या मागे यंत्रापाशी अर्धं अंगण गोळा झालं. मामासोलीने आधी मागचं दार सताड उघडलं, कारण हिरव्या ज्योतीचा धूर घशाला लागतो. मग दिवा पेटवला. तांबं लाल होईपर्यंत थांबला. नळीचं तोंड एकेका सांध्याखालून नेलं, काल नेलं होतं तसंच, श्वास रोखून.

निळी. निळी. वळणावर निळी. झडपेपाशी निळी.

"बघा, हाजी," तो म्हणाला. "वायू इथून गेलेला नाही."

"मग दुंब्यांनी खाल्ला वाटतं," मागून तोजिबोय म्हणाला.

मामासोलीने रागाने डावा हात नळावर टेकवला, आणि बोट ओलं झालं. त्याने बोट उजेडात धरलं. तेल. कालही लागलं होतं. काल ज्योत निळी दिसली म्हणून त्याने ते बोट अंगातल्या चोपनला पुसलं होतं आणि कुणाला काही बोलला नव्हता. जिथे तेल तिथे गळती, हा धंद्यातला पहिला धडा. तो त्याने नोझिमला कान पिळून शिकवला होता.

"साबण आण," तो म्हणाला. यावेळी नोझिम गेला.

दाढीच्या ब्रशने मामासोलीने सांध्यावर फेस लावला. यंत्र बंद केलं. नळीत थोडाफार वायू उरलेला होता. सगळे वाकून बघत होते. फेसात हरभऱ्याएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. त्या जागी दुसरा आला.

मामासोलीने दिव्याची सोंड त्या बुडबुड्याला टेकवली. बुडबुडा फुटला. ज्योत निळी.

पुन्हा टेकवली. निळी.

तो काही न बोलता उठला, वर्कशॉपमध्ये गेला, फ्रिऑनची खोपच्यात पडलेली बाटली त्याने काखेत मारून आणली. तिची चावी जराशी फिरवली, फुस्स झालं, आणि ज्योत हिरवीगार झाली. पोपटाच्या पिसासारखी. बाटली बंद केली. निळी. सांध्यापाशी नेली, बुडबुड्यांशी. निळी.

दिवा ठीक होता. गळती खरी होती. आता उरलं एकच.

"यात कोणता वायू आहे?" मामासोलीने विचारलं.

वाकलेली डोकी मागे सरकली. तोजिबोयचंसुद्धा.

"नोझिम. मी तुझ्याशी बोलतोय. या यंत्रात कोणता वायू आहे?"

"नवा," नोझिम म्हणाला. "जुना मिळत नाही आता, आदा. बंदच झालाय. सगळीकडे नवाच भरतात. त्यात क्लोरीन नसतं... ज्योत हिरवी होते ती क्लोरीनने."

"म्हणजे या वायूला माझा दिवा आंधळा."

"हो."

"कधीपासून भरतोस?"

नोझिमने सोबितकडे पाहिलं. सोबितने जमिनीकडे.

"दोन उन्हाळे झाले," नोझिम म्हणाला.

बायकांच्या घोळक्यातून उमरी खोलाचा, शेजारच्या म्हाताऱ्या विधवेचा, आवाज आला: "अगं बाई, म्हणजे माझ्या फ्रिजलासुद्धा तसाच फिरवला?"

मामासोलीला एकदम सगळं दिसलं. दोन उन्हाळे तो दारोदार गेला होता. नोझिम फ्रिज दुरुस्त करी, आणि शेवटी बाप दिवा घेऊन सांधे तपासी. लोक उठून उभे राहत. थकू नका, उस्ता! घरची बाई चहा आणी, नान मोडी. तो ज्योत दाखवी, म्हणे, निळी, बेफिकीर राहा. आणि तो दाराबाहेर पडला की नोझिम दोन मिनिटं मागे रेंगाळे. हत्यारं गोळा करतो म्हणे.

"खिशात काय आहे तुझ्या?"

"आदा..."

"काढ."

नोझिमने खिशातून साबणाच्या वडीएवढी एक डबी काढली. तिला वाकडी लवचीक सोंड होती. मामासोलीने ती हिसकावली, बटण दाबलं, सांध्याकडे नेली. डबी चिमणीसारखी चिवचिवली, आणि मग किंचाळायला लागली. त्याने ती किंचाळू दिली. बराच वेळ.

"मी गेल्यावर हिच्याने बघायचास."

"हो."

"आणि काल?"

"परवापासून सोबित आकांशी भांडण होतं. म्हटलं, बघू दे यांचं ते." नोझिमचा आवाज चिरकला. "मला वाटलं नव्हतं इतकं..."

"म्हणजे," मामासोली सोबितकडे वळला, "तुला ठाऊक होतं. हा मागून ही शिट्टी फिरवतो, हे ठाऊक होतं. माझी ज्योत या खोलीत आंधळी आहे, हेही. आणि तरी अंगणात उभं राहून मला म्हणालास, मी तुमच्या शब्दावर राहिलो?"

सोबितने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "तुमच्या समाधानासाठीच केलं, आदा. सगळ्यांनी. तुम्ही किती खूश असायचात. घरी येऊन सांगायचात, आजही निळी, आजही निळी..."

"सगळ्यांनी?"

मामासोलीने मुहय्याकडे पाहिलं. आकावर मघाशी तुटून पडलेली मुहय्या रडत होती. त्याने बायकोकडे पाहिलं. रिसोलतने मान खाली घातली. गफ्फोर हाजी जपमाळ ओढत होते, पण मणी पुढे सरकत नव्हता.

"हाजी, तुम्हीसुद्धा?"

"उस्ता, तुमचा मान राहावा म्हणून..."

"मान!" मामासोली इतका ओरडला की बाहेर बांधलेली कोंबडी फडफडली. "मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा माझ्या बापाच्या तोंडावर सांगितलं, तुमची गंधकाची वात फ्रिऑनला हुंगत नाही, फेकून द्या. कारखान्याच्या फाटकात, सगळ्या पाळीसमोर सांगितलं. त्याने अशी थोबाडीत दिली की पाच बोटं गालावर दोन दिवस होती. पण त्या दिवसानंतर त्याने ती वात कधी पेटवली नाही. कुणी त्याच्यावर हसलं नाही. कारण त्याला ठाऊक होतं! तुम्ही?" त्याने दोन्ही मुलांवर बोट रोखलं. "एक थोबाडीत खायची हिंमत नाही झाली दोघांना मिळून. त्याऐवजी बापाला दोन वर्षं गल्लीतून मिरवलंत. अस्वलवाला अस्वल मिरवतो तसं. आणि आज अस्वलानेच मांस नासवलं म्हणता!"

मग तोजिबोय खाकरला. राग आपल्या जागी, पण पहाट कुणासाठी थांबत नाही.

"सोबितजान, जुन्या बाजारात मांस मिळेल. तुझ्या त्या वैऱ्याकडे."

कोकंदमधल्या खाटकाने आपल्या मुलीच्या लग्नाचं मांस दुसऱ्या खाटकाकडून आणायचं, याहून मोठी शिक्षा तोजिबोयला सुचली नसती. मुहय्याच्या नवऱ्याने गाडी काढली. सोबित मागच्या सीटवर, खिडकीची काच वर करून बसला.

सूर्य कलताना रिसोलत चहाची किटली घेऊन वर्कशॉपमध्ये आली. मामासोली बाकावर बसला होता. समोर भिंतीवर आजाची बर्फ फोडायची पहार, बापाच्या गंधकवातींचा गंजका डबा, आणि दिव्याचा रिकामा खिळा. दिवा त्याच्या मांडीवर होता.

"चहा घ्या."

"तूसुद्धा," तो म्हणाला. "चाळीस वर्षांत तुला एकदा म्हणता आलं नाही, हिरवी झाली?"

रिसोलतने किटली ठेवली. ती घाबरून बोलणारी बाई नव्हती, फक्त पाहुण्यांसमोर हळू बोलायची.

"नाही आलं. नोकरी सुटली तेव्हा तुम्ही तीन महिने भिंतीकडे तोंड करून झोपलेलात, आठवतं? मग नोझिमबरोबर जायला लागलात, दाढी करायला लागलात. मी कशाला फुंकर मारू?"

"मी पोराला उस्तापणाची फातिहा दिली, रिसोलत." आता त्याचा आवाज खाली आला, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "नवरोजला. चार उस्तांना बोलावून कमरेला पट्टा बांधला. काय म्हणालो? म्हणालो, याच्या सांध्यांवर माझा दिवा हिरवा होत नाही, हा माझ्याहून मोठा उस्ता झाला. आणि तो मान खाली घालून उभा. मला वाटलं, केवढा विनय! त्याला ठाऊक होतं की या वायूवर गाढवाने जरी सांधा मारला तरी ज्योत निळीच राहील. फातिहा मी कुणाला दिली? पोराला की क्लोरीनला?"

"वाईट सांधे मारत नाही तो."

"मला कसं कळणार? तुम्ही माझे डोळेच काढून घेतलेत."

तिने किटलीचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाली, "उद्या लोलासाठी हात उचलाल ना?"

"हाजींना सांग."

"अहो! आजा जिवंत असताना परक्याने दुवा मागायची? लोक काय समजतील? शापली म्हणतील पोरीला. सासरी पहिल्या दिवशी तेच ऐकेल ती."

"या हातांनी दोन वर्षं सोंग केलं, रिसोलत. ठाऊक नसताना केलं, पण केलं. असले हात उचलून पोरीवर काय पडणार?"

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "तुमचा राग खरा आहे. पण तो लोलाच्या ताटात वाढू नका." आणि चहा तसाच ठेवून गेली.

पहाटे अंगण माणसांनी भरलं होतं. पुलावाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. तोजिबोयचा हात वैऱ्याच्या मांसावरही चुकला नव्हता. ताटं वाढली गेली. मामासोली ओट्यावर मधोमध बसला होता, स्वच्छ टोपी, नवा चोपन. सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. हात गुडघ्यांवर होते.

खिडकीच्या पडद्याआड पांढऱ्या पोशाखात लोला उभी होती. तिची सावली पडद्यावर होती, आणि ती सावली हलत नव्हती.

"उस्ता," गफ्फोर हाजी पुटपुटले, "निवतंय."

"काल या अंगणात एक गोष्ट बोलली गेली," मामासोली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ती अशीच ठेवून मी हात उचलले तर ती दुवेबरोबर वर जाईल. सोबित."

सोबित ताटं वाढणाऱ्यांमध्ये उभा होता. रात्रीत त्याचा चेहरा उतरला होता. त्याने बापाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पडद्यावरची सावली बघून मात्र तो पुढे आला.

"काल मी आदांवर ढकललं," तो म्हणाला. "यंत्रात नवा वायू आहे. त्यावर हा दिवा चालत नाही. मला ठाऊक होतं. आदांना नव्हतं. आम्ही सांगितलं नव्हतं. त्यांचा शब्द... त्यांचा शब्द खोटा नव्हता. आम्ही त्यांना खोट्या जागी उभं केलं होतं."

कुणीतरी मागून शाबासकी दिल्यासारखं "बरकल्ला" म्हटलं. मामासोलीने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने हात उचलले. चार दिवस घोळवलेली दुवा त्याला आठवली नाही, म्हणून सुचलं ते म्हणाला: "अल्ला, या पोरीला असं घर दे जिथे तिला तोंडावर सांगतील." लोक क्षणभर थांबले, कारण अशी दुवा कुणी ऐकली नव्हती. मग आमीन झालं आणि हात चेहऱ्यांवरून फिरले.

ताटं उचलली जात असताना नोझिम ओट्यापाशी आला. त्याच्या कमरेला नवरोजचा पट्टा नव्हता. तो घडी करून त्याने बापापुढे ठेवला, आणि चेहरा पुढे केला.

"मारा, आदा. तेव्हाच खायला हवी होती."

"शिळी थोबाडीत कोण देतं?" मामासोली म्हणाला. पट्टा त्याने उचलला आणि चोपनच्या आत खुपसला. "मी दिली ती फातिहा निळ्या ज्योतीला होती. तुला अजून मिळालेली नाही. दिवा घे."

"काय?"

"दिवा घे म्हटलं. पेटव. पुढे चाल. ज्या ज्या घरी मी गेलो त्या त्या घरी, भर दिवसा, याच गल्लीतून. दारात उभं राहून सांगायचं, हा दिवा या वायूला आंधळा आहे आणि मला ते ठाऊक होतं. मागून मी शिट्टी घेऊन येतो."

"आदा, आज लग्न आहे..."

"वरात दुपारी आहे. चल."

नोझिमने दिवा पेटवला. सकाळच्या उजेडात ती ज्योत दिसतही नव्हती. तो पुढे चालला, हात लांब करून, आणि पुलाव खाऊन घरी निघालेली सगळी गल्ली बाजूला होऊन बघत राहिली. "काय रे नोझिम, काही हरवलं का?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "बर्फवाल्यांकडे सूर्य उगवला नाही वाटतं अजून." नोझिमचे कान लाल झाले. मागून चार पावलांवर मामासोली चालत होता. त्याला हसू येत नव्हतं. राग अजून तसाच होता, फक्त आता त्याला हातपाय होते.

पहिलं दार उमरी खोलाचं. तिने त्यांना बघून दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"बोल," मामासोली म्हणाला.

नोझिम बोलला. पहिल्या वाक्यात अडखळला, दुसरं नीट आलं. म्हातारीने ऐकून घेतलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले, बर्फ म्हणून धरत नाही. पण उस्ताने निळी म्हटलं होतं, मग मी कोण बोलणार? मलाच वाटलं, माझं लोणी म्हातारं झालंय."

फ्रिज भिंतीला चिकटून होता. दोघांनी तो पुढे ओढला. मागे जाळं, धूळ आणि अंधार. मामासोलीने डबीची सोंड नळीवरून हळूहळू नेली, एका वळणापाशी थांबला. डबी चिवचिवली. मग किंचाळली.

त्याने बटण बंद केलं. नळीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"हा सांधा कुणाचा?"

"माझा, आदा."

"दिसत नाही मला इथे काही," मामासोली अंधारात वाकत म्हणाला. "दिवा धर. नीट धर, वर. उजेड दे."